ओझरमध्ये पायी कामावर गेलं तर नेमकं किती वाचतं? पेट्रोलचा, गाडीचा आणि वेळेचा हिशेब

कामाची जागा घरापासून दीड किलोमीटरवर. तरीही सकाळी गाडीची किल्ली हातात घेतली जाते, किक किंवा बटण, आणि पाच मिनिटांत माणूस कामावर. एवढ्याशा अंतराला पेट्रोल ते कितीसं लागणार, असं प्रत्येकाला वाटतं. पण मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलनं लिटरमागे शंभरी ओलांडली, आणि तेव्हापासून 'चालत गेलं तर किती वाचेल' हा प्रश्न घराघरांत निघतोच. सोशल मीडियावर त्याची उत्तरंही फिरत असतात. कुणी म्हणतं महिन्याला हजारो रुपये वाचतात, कुणी म्हणतं चणेफुटाण्याएवढेही नाही.

दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. ओझरसारख्या गावाचं उदाहरण घेऊन कागदावर आकडे मांडले की खरा पैसा कुठे जातो ते दिसतं, आणि तो फक्त पंपावर जात नाही.

ओझर का?

हे ओझर अष्टविनायकातलं नाही. विघ्नहराचं ओझर पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात आहे. इथे बोलायचंय ते नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं, बाणगंगेकाठचं, मुंबई-आग्रा महामार्गावरचं ओझर. नाशिक शहरापासून साधारण २० किलोमीटर. जुनी माणसं आजही त्याला 'ओझर मिग' म्हणतात.

१९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले, आणि १९६४ मध्ये ओझरला मिग-२१ विमानं बनवण्यासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजे एचएएलचा कारखाना उभा राहिला. पुढे तिथे मिग-२७ आणि सुखोई-३० बनली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तेजस विमानांची नवी उत्पादन साखळी तिथे सुरू झाली.

आपल्या विषयासाठी विमानांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. कारखान्याबरोबर तिथे कामगारांसाठी वसाहत झाली. घरं, शाळा, दवाखाना, बाजार, सगळं कामाच्या आसपास. त्या काळात ही पद्धतच होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली तीही अशीच, कारखान्याला खेटून. मुंबईच्या गिरणगावात तर चाळी आणि गिरण्या एकमेकींच्या कुशीत होत्या. भोंगा झाला की घरातून निघायचं आणि पायी गिरणीत पोचायचं. गिरणी कामगाराच्या पगारात रोजच्या वाहनखर्चाला जागाच नव्हती, म्हणून त्याचं घर चालण्याच्या अंतरावर असणं भाग होतं.

कामाच्या जवळ घर, ही त्या पिढीला मिळालेली मोठी बचत होती. ती पगाराच्या चिठ्ठीवर कधी दिसली नाही, म्हणून तिची किंमतही कुणी मोजली नाही.

आज ओझरमध्ये कामाला जाणारे ढोबळमानानं तीन प्रकारचे आहेत. कामाच्या जागेपासून एक-दोन किलोमीटरच्या आत राहणारे, मग ते वसाहतीतले असोत किंवा गावातल्या दुकानात, बँकेत, शाळेत काम करणारे. दुसरे, तीन ते पाच किलोमीटरवरून येणारे. आणि तिसरे, रोज नाशिकला किंवा सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत जाणारे. तिघांचा हिशेब वेगळा.

आधी नुसतं पेट्रोल

सोपं जावं म्हणून काही आकडे धरून चालू. पेट्रोल लिटरला १०५ रुपये. कामाचे दिवस महिन्याला २५, आणि रजा-सुट्ट्या वजा जाता वर्षाला ११ महिने, म्हणजे २७५ दिवस. घर ते काम दीड किलोमीटर, जाऊन-येऊन तीन. वर्षाचे झाले ८२५ किलोमीटर.

मोटरसायकल किंवा स्कूटर गावातल्या गावात, थांबत-थांबत लिटरला ४० किलोमीटर देते असं धरलं, तर वर्षाला साडेवीस लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. पैशात सुमारे २,१७० रुपये. महिन्याला दोनशेच्या आत.

हाच प्रवास मोटारीनं केला तर? कंपनी लिटरला २० किलोमीटर सांगत असेल, पण दीड किलोमीटरच्या फेरीत ते कधीच मिळत नाही. ते का, ते पुढे येईल. अशा फेऱ्यांना लिटरला १० धरलं तर वर्षाला साडेब्याऐंशी लिटर, म्हणजे जवळपास ८,६६० रुपये. दुपारी जेवायला घरी येणारे बरेच असतात. त्यांच्या फेऱ्या दुप्पट, खर्चही दुप्पट: दुचाकीला ४,३०० च्या वर, मोटारीला १७,३०० च्या वर.

म्हणजे दुचाकीवाल्यानं फक्त पेट्रोल वाचवायचं म्हणून चालायला सुरुवात केली, तर महिन्याला एका हॉटेलच्या जेवणाएवढे पैसे वाचतील. शिवाय चालायला बूट लागतात. चांगल्या बुटाची जोडी साधारण ८०० किलोमीटरपर्यंत साथ देते. बाराशे रुपयांची जोडी वर्षात झिजली असं मानलं, तर २,१७० मधले बाराशे तिथेच गेले. अर्थात बूट-चपला गाडीवाल्यालाही लागतातच, त्यामुळे सगळा खर्च चालण्याच्या नावावर टाकणं बरोबर नाही. पण 'चाला आणि हजारो रुपये कमवा' असं सांगणाऱ्या पोस्ट दुचाकीच्या बाबतीत खऱ्या नसतात, एवढं यातून कळतं.

मोटारवाल्याचं मात्र तसं नाही. त्याची बचत खरंच हजारांत आहे.

जवळच्या फेरीला गाडी जास्त का पिते?

याचं उत्तर इंजिनाच्या तापमानात आहे. पेट्रोल जळण्यासाठी आधी त्याची वाफ व्हावी लागते. इंजिन थंड असताना वाफ नीट होत नाही, म्हणून गाडीची यंत्रणा जाणूनबुजून जास्त पेट्रोल सोडते, नाहीतर इंजिन बंद पडेल. इंजिन ऑइलही थंडीत घट्ट असतं, त्यामुळे आतले भाग फिरवायलाच जास्त जोर लागतो. मोटारीच्या इंजिनातलं पाणी ९० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की मग ते निवांत चालतं. तिथवर जायला काही किलोमीटर जावे लागतात. दीड किलोमीटरची फेरी म्हणजे इंजिन गरम होण्याच्या आतच प्रवास संपला. संध्याकाळी पुन्हा थंड इंजिन, पुन्हा तेच.

दुचाकीचं इंजिन लहान आणि बऱ्याचदा हवेनं थंड होणारं असतं, ते लवकर तापतं. तिचं नुकसान तुलनेनं कमी.

निफाड तालुक्यात ही गोष्ट आणखी लागू पडते. महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की निफाडचं नाव असतंच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात आणि ओझरला पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांच्या खाली उतरतो. द्राक्षबागांत शेतकरी पहाटे शेकोट्या करून धूर करतात, घड वाचवण्यासाठी. अशा सकाळी अंगणात रात्रभर उभी असलेली मोटार सुरू करून 'जरा गरम होऊ दे' म्हणत पाच-दहा मिनिटं जागेवर घरघरत ठेवली जाते. छोटी मोटार नुसती उभी राहून तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाळते. दहा मिनिटांचे झाले आठ ते तेरा रुपये, आणि गाडी अजून फाटकाबाहेरही गेलेली नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांना एवढं थांबण्याची गरजही नसते. अर्ध्या-एक मिनिटानं सावकाश निघालं की पुरे.

नुकसान पेट्रोलपुरतंच राहत नाही. थंड इंजिनात जळताना तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल थोडं-थोडं ऑइलमध्ये उतरतं. लांबच्या प्रवासात ते तापून उडून जातं, छोट्या फेऱ्यांत साचत राहतं. म्हणून अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत सतत छोट्या फेऱ्या करणं हा 'कठीण वापर' मानलेला असतो आणि ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. बॅटरीचंही तसंच. सुरू करताना तिच्यातून जेवढी वीज जाते, ती भरून यायला पाच मिनिटं पुरत नाहीत.

धुराचा भागही इथेच येतो. सायलेन्सरच्या नळीत धूर शुद्ध करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. पहिल्या एक-दोन किलोमीटरचा धूर सगळ्यात घाणेरडा असतो, आणि छोटी फेरी म्हणजे फक्त तेच पहिले एक-दोन किलोमीटर. शाळेसमोर, वसाहतीच्या गल्लीत.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आत असताना एवढा वायू कुठून येतो, असं अनेकांना वाटतं. पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, म्हणून वजन वाढतं. वरच्या उदाहरणातल्या मोटारीचे वर्षाचे १९० किलो होतात, दुचाकीचे ४७.

'पण चालल्यावर भूक लागते त्याचं काय?'

हा प्रश्न चेष्टेत विचारला जातो, पण त्याचं उत्तर मजेशीर आहे. मध्यम बांध्याच्या माणसाला एक किलोमीटर चालायला सुमारे ५० किलोकॅलरी लागतात. तीन किलोमीटरला दीडशे. एका बेताच्या ज्वारीच्या भाकरीत जवळपास एवढीच ऊर्जा असते.

आता दीडशे किलोकॅलरी पेट्रोलमधून घ्यायच्या म्हटल्या तर १८-१९ मिलिलिटर पेट्रोल लागेल, खोकल्याच्या औषधाचे चार चमचे समजा. तेवढ्यात ४० चं ॲव्हरेज देणारी मोटरसायकल पाऊण किलोमीटरही धड जात नाही. थंड इंजिनाची मोटार जेमतेम १८५ मीटर जाते. एका भाकरीच्या बळावर माणूस मात्र जाऊन-येऊन तीन किलोमीटर चालतो. याचं कारण सोपं आहे: माणसाला फक्त स्वतःचं वजन न्यायचं असतं. मोटारीला साठ-सत्तर किलोच्या माणसासाठी हजारभर किलो लोखंड हलवावं लागतं.

खरा पैसा पंपावर नाही, पार्किंगमध्ये आहे

बहुतेक हिशेब पेट्रोलपाशी थांबतात, आणि तिथेच चुकतात. गाडी बाळगण्याचा खर्च पेट्रोलपेक्षा मोठा असतो, पण तो रोज खिशातून जात नाही म्हणून जाणवत नाही.

ओझर-नाशिककडच्या अनेक घरांत आता एक मोटरसायकल असतेच. घरातली दुसरी व्यक्ती कामाला लागली की दुसऱ्या गाडीचा विषय निघतो. समजा केवळ या दीड किलोमीटरच्या कामासाठी एक लाखाची स्कूटर घेतली. दहा वर्षांनी ती वीस हजाराला गेली, तर वर्षाला आठ हजार रुपये घसाऱ्यात गेले. विम्याचे वर्षाला दीड हजार धरा. सर्व्हिसिंग, ऑइल, टायर, बॅटरी, पीयूसी मिळून सरासरी चार हजार. झाले साडेतेरा हजार. त्यात पेट्रोलचे २,१७० मिळवले की वर्षाचा खर्च सुमारे १५,७०० रुपये. कर्जाचं व्याज असेल तर ते वेगळं.

८२५ किलोमीटरला १५,७०० म्हणजे किलोमीटरला १९ रुपये. स्वतःच्या स्कूटरवर बसून माणूस रिक्षाचं भाडं देतोय, फक्त मीटर दिसत नाही.

इथे चालण्याची बचत मोठी होते. आहे ती गाडी घरी ठेवून फार थोडं वाचतं, पण न घेतलेली दुसरी गाडी वर्षाला पंधरा हजार वाचवते. ज्या घरात दोघांपैकी एकाचं काम चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्या घरानं दुसरी गाडी घेण्याआधी हा कागद मांडून बघायला हरकत नाही. अर्थात तीच स्कूटर मुलांना क्लासला सोडायला, पिंपळगावच्या बाजाराला, आईला दवाखान्यात न्यायला लागत असेल, तर तिचा खर्च त्या सगळ्या कामांवर वाटला जातो आणि गणित बदलतं. गरजेच्या गाडीला नावं ठेवण्यात काही अर्थ नाही.

गाडीचा खरा वेग

'पैशांचं ठीक आहे, पण वेळ?' हा आक्षेप सगळ्यात वजनदार. दीड किलोमीटर चालायला १८ मिनिटं लागतात. गाडीनं चार-साडेचार मिनिटं, आणि गाडी काढणं, हेल्मेट घालणं, लावायला जागा शोधणं यांची तीन मिनिटं. म्हणजे एका फेरीला दहा मिनिटं, दिवसाला वीस मिनिटं जास्त. घरातली कामं उरकून धावतपळत निघणाऱ्या बाईसाठी ही वीस मिनिटं फार मोठी असतात, हे मान्य करायलाच हवं.

पण वेळेचा हिशेब आणखी एका पद्धतीनं करता येतो. इव्हान इलिच नावाच्या विचारवंतानं १९७४ च्या 'एनर्जी अँड इक्विटी' या पुस्तकात तो मांडला. त्याचं म्हणणं असं, की गाडीत बसलेला वेळच नव्हे, तर गाडीचे पैसे कमावण्यासाठी राबलेला वेळही प्रवासातच धरला पाहिजे. त्याच्या गणितानुसार सर्वसाधारण अमेरिकन पुरुष मोटारीपायी वर्षाला १,६०० तास घालवत होता आणि त्यात ७,५०० मैल जात होता. म्हणजे ताशी पाच मैलांहूनही कमी, आठ किलोमीटरच्या आत. झपझप चालणाऱ्या माणसाच्या थोडं पुढे.

हेच ओझरच्या स्कूटरला लावून बघू. महिन्याला २० हजार रुपये मिळवणारा माणूस २५ दिवस रोज आठ तास काम करतो, म्हणजे तासाला शंभर रुपये. स्कूटरचा वर्षाचा खर्च १५,७०० भरून काढायला त्याला १५७ तास राबावं लागतं. ८२५ किलोमीटर ताशी २० च्या वेगानं जायला ४१ तास. गाडी काढण्या-लावण्याचे २७ तास. बेरीज २२५ तास. ८२५ ला २२५ नं भागलं तर गाडीचा खरा वेग निघतो ताशी ३.७ किलोमीटर. माणूस चालतो ताशी पाच.

पगार वाढला की हे बदलतं. ६० हजार मिळवणाऱ्याचा त्याच स्कूटरवरचा खरा वेग ताशी पावणेसात किलोमीटर पडतो. अंतर वाढलं तरी बदलतं. म्हणून कमी पगार आणि कमी अंतर असलेल्या माणसाला गाडी सर्वात महाग पडते, आणि हप्त्यांवर ती त्यालाच आधी विकली जाते.

तब्येतीचा धागा

यावर फार लिहायला नको, कारण चालण्याचे फायदे सांगणाऱ्या पोस्टची कमी नाही. एक आकडा पुरे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. दीड किलोमीटर जाऊन-येऊन ३६ मिनिटं होतात, आठवड्याचे पाच दिवस चाललं तरी १८० मिनिटं. रात्रीची शतपावली आणि जिमची फी दोन्ही सुटतात. सकाळी मोटारीनं कामावर जायचं आणि संध्याकाळी चालायला म्हणून पुन्हा मोटारीनं मैदानावर जायचं, हा प्रकार शहरांत सर्रास दिसतो. त्याचा हिशेब ज्यानं-त्यानं करावा.

नाशिकला रोज जाणाऱ्यांनी काय करायचं?

वीस किलोमीटर कुणी चालत जाणार नाही, आणि जावं असं कुणी म्हणतही नाही. २०१८ च्या मार्चमध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशिकहून निघून सुमारे १८० किलोमीटर चालत सहा दिवसांत मुंबईत पोचला. ते चालणं मागण्यांसाठी होतं, रोजच्या कामासाठी नव्हे.

रोज ४० किलोमीटर म्हणजे वर्षाला ११ हजार किलोमीटर. लिटरला ५० देणाऱ्या मोटरसायकलला २२० लिटर, २३,१०० रुपयांचं पेट्रोल. लिटरला १६ देणाऱ्या मोटारीला ७२ हजारांच्या वर. इथे चालण्याचा उपयोग होतो तो दोन्ही टोकांना: घर ते स्टँड आणि स्टँड ते काम. महामार्गावरून पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, धुळ्याकडच्या एसटी गाड्या जातात-येतात. एसटीच्या महिन्याच्या पासला साधारण २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस फिरता येतं. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तर ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. बसचा पास काढायचा आणि स्टँडवर मात्र रोज गाडीनं येऊन पार्किंगचे पैसे भरायचे, यात बचतीचा मोठा भाग निसटतो.

मोटारीनंच जाणं भाग असेल तर चौघांनी एकीत जाणं हा जुना उपाय आजही तितकाच चालतो. ७२ हजार भागिले चार, १८ हजार. मोटरसायकलपेक्षाही स्वस्त.

तीन ते पाच किलोमीटरवाल्यांसाठी चालणं जरा लांबच पडतं. त्यांच्यासाठी सायकल आहे. ओझरचा भाग बऱ्यापैकी सपाट आहे, आणि पाच किलोमीटरला वीस मिनिटं लागतात.

पायी जाणारा गरीब, हा समज

पेट्रोल महागलं की चालण्याची चर्चा होते, हे नवीन नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव बॅरलला तीन डॉलरच्या आसपासवरून बारापर्यंत गेला. भारतात पेट्रोलचे दर वाढले, तेव्हा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी १२ नोव्हेंबर १९७३ रोजी बैलगाडीतून संसदेत आले. भारत आजही लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. जून २०१० पासून पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, आणि जून २०१७ पासून ते रोज बदलण्याची पद्धत आली.

तरीही दर वाढल्यामुळे लोक चालायला लागले असं घडलं नाही, कारण यात पैशाइतकीच प्रतिष्ठाही आहे. पूर्वी 'अकरा नंबरची बस' म्हणत लोक हसत चालायचे. आता ऑफिसला पायी येणाऱ्याला 'गाडी बिघडली का?' असं विचारलं जातं. लग्नाच्या बैठकीत गाडी आहे का हे विचारतात, घर कामापासून किती लांब आहे हे कुणी विचारत नाही.

२०११ च्या जनगणनेनं शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांचा प्रवास नोंदवला. त्यातले सुमारे साडेचार कोटी पायी कामावर जात होते. मोटारीनं जाणारे ५४ लाखांच्या आसपास, म्हणजे तीन टक्क्यांहून कमी. रस्ते मात्र त्या तीन टक्क्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखले जातात.

या साडेचार कोटींतल्या बहुतेकांपुढे 'चालू की गाडी काढू' असा प्रश्नच नसतो. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीत याच मुंबई-आग्रा महामार्गावरून हजारो मजूर डोक्यावर सामान आणि कडेवर मुलं घेऊन उत्तरेकडे चालत गेले. नाशिक जिल्ह्यातल्या गावांनी त्यांना पाणी आणि जेवण दिलं. परवडतं म्हणून चालणं आणि दुसरा इलाज नाही म्हणून चालणं यांना एकाच मापानं मोजता येत नाही.

चालायचं कुठून?

ओझरच्या माणसाचा शेवटचा आणि सगळ्यात खरा आक्षेप हाच असतो. हिशेब पटला, पण गाव महामार्गावर आहे. एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला काम असेल तर दीड किलोमीटर चालण्यातले अवघड फक्त पन्नास मीटर असतात: रस्ता ओलांडण्याचे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार माणसं गेली. त्यातले ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे जवळपास दर पाचांत एक. जीव धोक्यात घालून वाचवलेल्या दोनशे रुपयांना बचत म्हणता येणार नाही.

म्हणून वाट निवडताना सगळ्यात जवळची नव्हे, सगळ्यात कमी वाहनांची बघावी. दोनशे मीटर वाढले तर दोन-अडीच मिनिटं जातात. पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालावं. हिवाळ्यात पहाटेच्या पाळीला जाताना धुकं आणि अंधार दोन्ही असतात. अशा वेळी गडद स्वेटरवर एखादं फिकट उपरणं किंवा चमकणारी पट्टी हवी. एप्रिल-मेमध्ये ओझरला पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा सकाळी पायी जाऊन दुपारी कुणाच्या गाडीवर मागे बसून यायला काहीच हरकत नाही. पावसाळ्याचे काही दिवस सुटले तरी बिघडत नाही. वर्षातले दोनशे दिवस चाललं तरी वरच्या आकड्यांतला जवळपास पाऊण हिस्सा हाती लागतो.

बाकीचं माणसाच्या हातात नाही. भारतीय रस्ते महासभेच्या पादचारी मार्गांविषयीच्या निकषांत, आयआरसी १०३ मध्ये, पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. खांब, टपऱ्या, उभ्या गाड्या वगळून. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं आणि राज्यांना त्यासाठी धोरण आखायला लावलं. ओझरला आता स्वतःची नगर परिषद आहे. गावातल्या रस्त्यांवर पदपथ, दिवे आणि ओलांडण्याच्या जागा मागायचं दार तेच. महामार्गावरच्या पुलाचा, भुयारी वाटेचा किंवा गतिरोधकाचा अर्ज राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे जातो. अर्जात नेमकी जागा, किती वाजता किती माणसं तिथून ओलांडतात, आणि जवळची सुरक्षित जागा किती मीटरवर आहे हे मोजून लिहिलं, तर त्याला उत्तर देणं भाग पडतं. हे मोजमाप करायला कुठलीही एजन्सी लागत नाही. पाळी सुटायच्या वेळी दोन माणसं वही घेऊन अर्धा तास उभी राहिली की काम होतं.